चलान न काढलेली गाडी

भैय्याजी लांजेवारांची बायको जाऊन आठ महिने झाले होते आणि तिचा आवाज त्यांना आठवत नव्हता.

ती काय काय बोलायची ते सगळं आठवत होतं. दूध उतू गेलं की काय म्हणायची, ते ड्युटीवरून उशिरा आले की दारातच काय विचारायची, शब्दन् शब्द पाठ होता. पण ते शब्द मनात आले की आवाज त्यांचा स्वतःचाच यायचा. प्रेमलताबाईंना शेवटची दोन वर्षं अर्धांगवायू होता. उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. पाणी पाहिजे असो, कूस बदलायची असो की राग आलेला असो, तोंडातून एकच घोगरं ‘आं’ निघायचं. भैय्याजींनी दोन वर्षं तेवढंच ऐकलं. त्याआधीची चाळीस वर्षं त्याच्याखाली दबून गेली.

हे त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं. बायको गेली म्हणून लोक भेटायला येतात, जेवलात का विचारतात, डबा देऊन जातात. त्यांच्यापुढे माणूस काय म्हणणार, की मले तिचा आवाज आठवून नाही राहिला?

भाद्रपद लागला तसा रायपूरहून उन्नतीचा फोन आला. उन्नती त्यांची एकुलती एक मुलगी. तिची वेदिका आता नऊ वर्षांची झाली होती आणि या वर्षी रायपूरच्या फ्लॅटमध्ये भुलाबाई बसवायची असं मायलेकींनी ठरवलं होतं. भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत रोज संध्याकाळी मातीच्या भुलाबाई-भुलोजीपुढे मुली गाणी म्हणतात आणि मग डब्यातली खिरापत ओळखतात. नागपूरजवळच्या वाडीतल्या त्यांच्या गल्लीत हे सगळं प्रेमलताबाईच करायच्या. त्यांची गाणी मौद्याकडच्या माहेरची होती, गल्लीतल्या बाकीच्या बायकांना ती येत नव्हती. त्या म्हणायच्या आणि पोरी मागून ओळ ओढायच्या.

उन्नती म्हणाली, “बाबा, आईची गाणी तुमच्या त्या डीव्हीडीत आहेत ना? तेवढी कॉम्प्युटरवर घेऊन मले पाठवून द्या.”

भैय्याजी पलंगावर पडून बोलत होते, ते उठून बसले. त्या डिस्क त्यांच्या ध्यानातच नव्हत्या.

तेव्हा, दोन हजार आठच्या दिवाळीत, त्यांनी एक रेकॉर्डर घेतला होता. टीव्हीखाली ठेवायची काळी पेटी. साल्याकडून जुना हँडीकॅम मिळाला होता. त्यावर शूटिंग करायचं, मग वायर जोडून ते पेटीतल्या डिस्कवर उतरवायचं. कॅसेटी चारच होत्या, म्हणून डिस्कवर उतरवलं की त्याच कॅसेटवर पुढचं शूटिंग. पाच वर्षं हा नाद चालला. मग कॅमेरा बिघडला, आणि हातात मोबाइल आले. प्रेमलताबाईंनी मात्र शेवटपर्यंत बटनाचाच फोन वापरला. त्यात आवाज साठत नव्हता.

डिस्क माळ्यावर पत्र्याखाली एका कापडी पिशवीत निघाल्या. अकरा होत्या. भैय्याजींनी जमिनीवर पेपर पसरून एकेक पुसली. प्रत्येकीवर काळ्या मार्करने प्रेमलताबाईंच्या मोठ्या मोठ्या अक्षरात लिहिलेलं होतं: ‘भुलाबाई, जागा आहे.’ ‘उन्नतीचा वाढदिवस, रामटेक, जागा आहे.’ ‘भुलाबाई दुसरी, जागा आहे.’

हे ‘जागा आहे’ त्यांनीच बायकोला लिहायला लावलेलं. रेकॉर्डरवर काम झालं की तो पडद्यावर विचारायचा, डिस्क बंद करायची का? बंद केली की पाऊण तास जायचा आणि मग तिच्यावर पुढे काही उतरवता यायचं नाही. भैय्याजींनी अडतीस वर्षं वाडीतल्या एका ट्रान्सपोर्टच्या गोडाऊनवर बुकिंग क्लार्कचं काम केलं होतं. तिथला कायदा एकच: गाडी भरल्याशिवाय चलान काढायचं नाही. चलान म्हणजे गाडीत कोणाचा कोणता माल आहे त्याची यादी. ती निघाली की ताडपत्री आवळायची आणि गाडी सोडायची. अर्धी गाडी सोडली की मालक दहा माणसांत अब्रू काढायचा. मग डिस्कवर अर्ध्या तासाची जागा शिल्लक असताना ती बंद करणं त्यांच्या हाताला जमण्यासारखं नव्हतं. दर वेळी त्यांनी ‘नाही’ दाबलं. आपल्या पेटीत डिस्क तशीही चालायचीच.

प्रेमलताबाई एकदा म्हणाल्या होत्या, “बंद करून टाका ना एकदाची. अकरा झाल्या, एकही पुरी नाही.”

ते म्हणाले होते, “अर्धी गाडी सोडत नसतात वं.”

उन्नतीचा कॉलेजच्या वेळचा लॅपटॉप कपाटात होता. चार्जर लावूनच चालायचा, पण त्याच्या बाजूला डिस्कचा ट्रे होता. नव्या लॅपटॉपला तो राहत नाही, असं उन्नतीने फोनवर सांगितलं आणि कुठे काय दाबायचं तेही सांगितलं. भैय्याजींनी पहिली डिस्क घातली. आत घरघर झाली, थांबली, परत झाली. मग पडद्यावर एक चौकट आली. भैय्याजींनी इंग्रजी अक्षरं लावून लावून वाचली. डिस्क कोरी आहे, तिच्यावर काय भरायचं, असं ती विचारत होती.

त्यांनी घाईघाईने वायरच काढली. चुकून काही भरलं गेलं तर?

दुसऱ्या दिवशी सकाळी, आंघोळ करून, त्यांनी उरलेल्या दहा घालून पाहिल्या. अकराच्या अकरा कोऱ्या निघाल्या.

अमरावती रोडवर, ट्रकच्या टायरवाल्याशेजारी, दुर्गेशचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. दुर्गेश चाळिशीतला, पोट सुटलेला, तोंडात सुपारी-तंबाखूचा खर्रा. गोडाऊनचे कॉम्प्युटर तोच पाहायचा, म्हणून भैय्याजींना ओळखत होता. त्याने एक डिस्क उचलली, उलटी केली आणि ट्यूबलाइटखाली तिरपी धरली.

“इथं पाहा काकाजी. मधून इथपर्यंत रंग गडद आहे, पुढं फिका. गडद आहे तेवढं भरलेलं आहे. कोरी नाही हे.”

भैय्याजींनी चष्मा वर करून पाहिलं. खरंच एक कडं दिसत होतं, झाडाच्या खोडातल्यासारखं. तिथे बायको होती. बोटाने दाखवता येत होती.

“मग दिसून काहून नाही राहिलं?”

दुर्गेशने बाहेर जाऊन खर्रा थुंकला आणि येऊन समजावलं. आत माल आहे, पण कुठून कुठपर्यंत काय आहे याची यादी डिस्कवर लिहिलेली नाही. ती यादी डिस्क बंद करताना लिहिली जाते. तुमच्या मशीनला माहीत असायचं, म्हणून त्याच्यात चालत होतं. कॉम्प्युटर आधी यादी मागतो. यादी नाही म्हणजे त्याच्या हिशेबी माल नाही.

भैय्याजींना हे इतकं चटकन समजलं, की दुर्गेशलाच नवल वाटलं.

“चलान नाही काढलं,” ते म्हणाले.

“बस, तेच. अन् सोपं आहे ना काकाजी. ते मशीन आणा. त्याच्यात घालायची, बंद करायची, झालं. मग कोणत्याही कॉम्प्युटरवर पाहा. मशीन आहे ना घरी?”

भैय्याजी स्टुलावर बसले.

मशीन नव्हतं. म्हणजे होतं, चालूही होतं, पण त्यांनी स्वतःच्या हाताने भंगारात दिलं होतं. प्रेमलताबाईंचा पलंग दोन वर्षं टीव्हीच्या समोर होता आणि टीव्हीखाली ही पेटी. लाइट गेली आणि आली की तिच्यावरचं घड्याळ बारा वाजून शून्य मिनिटांवर यायचं आणि हिरवे आकडे मिचमिचत राहायचे. ते लावायला कोणाला वेळ होता? बायकोला भरवताना, पुसताना, पाठीच्या जखमेला पावडर लावताना भैय्याजींच्या डोळ्यांसमोर ते आकडे असायचे. तेरवी झाली, पाहुणे गेले, आणि ते मिचमिचणं त्यांना सहन होईना. हवेची गादी, संडासची खुर्ची आणि ती पेटी त्यांनी एकाच हातगाडीवर चढवली होती.

गोडाऊनच्या मागच्या अंगाला रुखमाबाईचं भंगाराचं आवार होतं. साठीची बाई, नवऱ्यामागे तीच धंदा पाहायची. भैय्याजी गेले तेव्हा ती पुठ्ठे बांधत होती. पेटीचं सांगितल्यावर तिला लगेच आठवलं. तेरवीच्या घरचा माल ती विसरत नसे.

“ते? ते तिसऱ्याच दिवशी फोडलं भाऊ. तांबं वेगळं, बोर्ड वेगळा. बोर्ड दिल्लीवाला घेऊन जाते.”

“चालू होतं ते.”

रुखमाबाईने सुतळीची गाठ दाताने आवळली. “चालू चीज भंगारात कोण देते?”

“मी दिली.”

तिने त्यांच्याकडे पाहिलं आणि पाणी देते म्हणाली. आवाराच्या कोपऱ्यात रांजण होता आणि त्यावर एक काळं पत्र्याचं झाकण, बारीक बारीक फटींचं. भैय्याजींनी ते लांबूनच ओळखलं, त्यांच्याच पेटीवरचं. एका बाजूला वॉरंटीचं चंदेरी स्टिकर अर्धं निघालेलं होतं. ते प्रेमलताबाईंनी पोछा मारता मारता नखाने खरडून काढायला घेतलं होतं, आणि वॉरंटी जाईल म्हणून ते ओरडले होते.

रुखमाबाईच्या लक्षात आलं. तिने झाकण उचलून पदराने पुसलं. “नेता का? न्या. रांजणावर मी दुसरं काही झाकीन.”

भैय्याजींनी ते हातात घेतलं, उलटंसुलटं पाहिलं आणि परत ठेवलं. “राहू द्या. पाण्यात कचरा पडंल.”

तसंच दुसरं मशीन मिळालं तर काम होईल, असं दुर्गेश म्हणाला होता. त्याच कंपनीचं, त्याच मॉडेलचं. त्याने त्याच्या धंद्यातल्या लोकांना विचारलं, मोबाइलवर फोटो टाकले. गांधीबागेच्या कापडबाजारात लग्नाचं शूटिंग करणाऱ्या एकाकडे तसं एक निघालं. भैय्याजी बसने गेले. कापडाच्या गठ्ठ्यांमधून वाट काढत, दोनदा चुकत, तिसऱ्या मजल्यावर पोचले. मशीन तेच होतं. पण त्याचा डिस्क वाचणारा डोळा कधीच गेलेला, आणि तो माणूस ते आता टीव्हीला उंची यावी म्हणून खाली ठेवत होता. चहा मात्र त्याने आग्रहाने पाजला.

पौर्णिमेला आठ दिवस उरले होते. उन्नतीने दोनदा फोन केला. काम चालू आहे, असं भैय्याजींनी सांगितलं. वेदिकाने मातीच्या भुलाबाईचा फोटो पाठवला. भुलोजीला मिशा जरा जास्तच झाल्या होत्या.

शेवटचा एक मार्ग राहिला होता. यादी नसली तरी डिस्कचा एकेक कण वाचत जाणारं सॉफ्टवेअर असतं, ते दुर्गेशने मिळवलं. एकेका डिस्कला चार-पाच तास लागायचे. भैय्याजी रोज सकाळी दहाला दुकानात यायचे आणि भिंतीजवळच्या स्टुलावर बसायचे. घरी जा काकाजी, झालं की फोन करतो, असं दुर्गेशने पहिल्या दिवशी म्हणून पाहिलं. मग म्हणायचं सोडलं. पडद्यावर बारीक बारीक चौकोन होते. वाचलं गेलं तर हिरवा, नाही गेलं तर लाल. भैय्याजी ते बघत बसायचे.

जवळपास सगळे लाल होते.

तिसऱ्या दिवशी दुर्गेशने विचारलं, “काकाजी, ह्या ठेवल्या कुठं होत्या?”

“माळ्यावर.”

“वर पत्रा आहे का?”

“हो.”

दुर्गेश नुसता ‘हं’ म्हणाला. त्याला सांगायचं नव्हतं, पण भैय्याजींनी विचारून घेतलं. स्वस्तातल्या डिस्क होत्या. नागपूरच्या मे महिन्यात पत्र्याखाली काय होतं ते सांगायला नको. असे दहा-बारा मे. मालच करपला होता. म्हणजे पेटी भंगारात दिली नसती तरी बहुधा काही हाती लागलं नसतं, असं दुर्गेश त्यांना बरं वाटावं म्हणून म्हणाला. भैय्याजींना बरं वाटलं नाही. आणखी एक चूक निघाली होती आणि तीही त्यांचीच होती, एवढाच त्यांनी त्याचा अर्थ घेतला.

दहा डिस्कमधून काहीच निघालं नाही. रंगीत चौकोन आणि खरखर. पौर्णिमेच्या आदल्या दिवशी दुपारी दुर्गेशने त्यांना हाक मारली. अकराव्या डिस्कमधून एक तुकडा निघाला होता. एक्केचाळीस सेकंदांचा.

दुर्गेशने खुर्ची रिकामी करून दिली. स्पीकरचा आवाज वाढवला आणि टायरवाल्याला हवेचं मशीन जरा बंद ठेव म्हणून सांगून आला.

पडद्याच्या कोपऱ्यात तारीख होती, बारा सप्टेंबर दोन हजार नऊ. घराची पुढची खोली, भिंतीला निळा रंग. मागे गल्लीतल्या पोरी दाटीवाटीने उभ्या, आणि मधोमध चटईवर प्रेमलताबाई, मोहरीच्या रंगाच्या लुगड्यात, दोन्ही हात धड, चेहरा सरळ. भैय्याजींनी तो सरळ चेहरा पाहिला आणि टेबलाची कड धरली.

आणि आवाज आला. “थांब वं, थांब. लाल लाइट लागू दे. हं, लागला.”

तो भैय्याजींचा होता. कॅमेऱ्याच्या अगदी जवळून, म्हणून मोठा.

“त्या पोरीले मागं सरकव. खाली नको पाहू, इकडं पाहा. पदर नीट कर.”

प्रेमलताबाईंनी पदर नीट केला, वर पाहिलं, तोंड उघडलं.

“एक मिनिट, एक मिनिट. पंखा बंद कर गा कोणी. हं. आता सावकाश म्हण. घाई नको करू, डिस्कवर जागा भरपूर आहे. आज बारा तारीख, शनिवार, लांजेवारांच्या घरची भुलाबाई...”

प्रेमलताबाईंनी तोंड मिटलं. त्या थांबल्या. पोरींकडे पाहून हसल्या, पण पदर तोंडावर धरून, म्हणजे आवाज न होता. तो माणूस आणखी बोलतच होता. सालाचा आकडा, गल्लीचं नाव. मग तो एकदाचा गप्प झाला. प्रेमलताबाई ताठ बसल्या. त्यांनी श्वास घेतला, खांदे वर आले, तोंड उघडलं, आणि हनुवटीपासून खाली चित्राचे चौकोन झाले. तिथेच ते थांबलं.

दुर्गेशने पुढे ओढून पाहिलं. पुढे काही नव्हतं. त्याने दुसऱ्या एका सॉफ्टवेअरने संध्याकाळपर्यंत परत प्रयत्न केला. तेवढेच एक्केचाळीस सेकंद निघाले.

काहीतरी बोलायला पाहिजे म्हणून तो म्हणाला, “काकाजी, तुमचा आवाज मात्र एकदम साफ आला.”

“हो,” भैय्याजी म्हणाले.

दुर्गेशने तो तुकडा लॅपटॉपवर टाकून दिला आणि कामाचे पैसे घेतले नाहीत. अकरा डिस्क पिशवीत भरताना त्या आता ठेवून काही उपयोग नाही, असं तो म्हणणार होता. पण त्यांवरचं अक्षर पाहून त्याने पिशवीचं तोंड नीट बांधून दिलं.

घरी आल्यावर उन्नतीचा फोन आला.

“बाबा, आला का आईचा आवाज?”

“माझा आला वं.”

“तुमचा?”

“मीच बोलून राहिलो सारा वेळ.”

उन्नतीने हळूच विचारलं, की बाबा, तुम्हाला त्यातलं एखादं गाणं येतं का? निदान शब्द सांगा, चाल मी लावते. भैय्याजींनी खूप आठवून पाहिलं. पाच वर्षं ते त्या गाण्यांसमोर दोन हातांच्या अंतरावर उभे होते. पण त्यांचं लक्ष लाल लाइटवर असायचं, बॅटरीवर असायचं, किती मिनिटं झाली आणि डिस्कवर किती उरली यावर असायचं. एका गाण्याची पहिली ओळ त्यांना आली. दुसरी आली नाही.

“राहू द्या बाबा,” उन्नती म्हणाली.

पौर्णिमेला रायपूरला भुलाबाई बसली. उन्नतीने मोबाइलवरून कुठली कुठली गाणी काढली होती. सहा मुली जमल्या. व्हिडिओ कॉलवर वेदिकाने आजोबांना दोन गाणी म्हणून दाखवली आणि खिरापत ओळखायला सांगितली. भैय्याजी म्हणाले पेढा. ती म्हणाली हरलात. गाणी चांगली होती. मौद्याची नव्हती.

आता भैय्याजी रोज चार वाजता, चहा झाला की, लॅपटॉप लावतात. पहिले तीन दिवस त्यांनी तो तुकडा आवाजासकट पाहिला. प्रत्येक वेळी त्या माणसाने एकदा तरी लवकर गप्प बसावं असं वाटायचं आणि तो बसायचा नाही. चौथ्या दिवशी त्यांनी आवाज बंद करायचं बटन शोधून काढलं.

आता खोलीत काही ऐकू येत नाही. प्रेमलताबाई पदर नीट करतात, वर बघतात, थांबतात, हसतात. भैय्याजी हात मांडीवर ठेवून समोर बसतात. ती श्वास घेते, तोंड उघडते, चौकोन होतात. ते परत सुरुवातीपासून लावतात, आणि एक शब्दही बोलत नाहीत.